इकडचं तिकडे

कुलपात किल्ली फिरली तेव्हा तिचा अर्ज अर्धाच भरून झाला होता. तिने दोन कळा दाबल्या. पडद्यावरची निळी बाजू गेली, करडी आली. नवरा आत येईपर्यंत ती गोदामातल्या मालाच्या नोंदी टंकत होती.

"झालं का साहेबांचं समाधान?" बूट काढत त्याने विचारलं.

"होतंय."

"बघू तरी, दिवसभर काय करतेस ते."

"ऑफिसचं आहे. दाखवता येत नाही."

"हो बाई. नियम म्हणजे नियम." तो हसला आणि तिचा फोन घेऊन सोफ्यावर पसरला. रोज संध्याकाळी तो फोन चाळायचा. मनात काही नसेल तर दाखवायला काय जातं, म्हणायचा.

संगणकाला मात्र त्याने कधी हात लावला नव्हता. तो ऑफिसने दिलेला होता.

लेक खारू सहा महिन्यांची असताना तिने नोकरीचा विषय काढला, तेव्हा हे काम त्यानेच ओळखीतून मिळवून दिलं. "लेकराला टाकून बाहेर कशाला जायचं? घरबसल्या मिळतंय." साहेबांना तिने कधी पाहिलं नाही. ते फक्त लिहायचे, तेही मोजकं. पहिल्याच दिवशी त्यांनी लिहिलं होतं, कामाचं आणि घरचं एकत्र ठेवू नये. घरासाठी संगणकावर वेगळं खातं उघडा, पासवर्ड वेगळा ठेवा. इकडचं तिकडे जाता कामा नये.

तीन वर्षं तिने तो नियम डोळ्यांत तेल घालून पाळला. अख्ख्या घरात तिचं म्हणावं असं कुलूप तेवढं एकच होतं.

करड्या, म्हणजे कामाच्या बाजूला जुन्या वह्यांच्या पानांचे फोटो यायचे. तिने ते वाचून तक्त्यात भरायचे. कधी कधी तीच पानं परत आल्यासारखी वाटायची. तिने एकदा तसं लिहिलं, तर साहेबांचं उत्तर आलं, नवीन आहेत, भरा. तिने भरली. एका पानाच्या कोपऱ्यात जांभळ्या खडूने रेघोट्या काढलेल्या होत्या. त्या पाहून तिला उगाच बरं वाटलं. तिथल्या कारकुनाच्या घरीही हातातलं ओढणारं एखादं पोर असणार.

निळ्या, घरच्या बाजूला एकच गोष्ट होती. दूरच्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा. राहायला दोन खोल्या, मूल सोबत चालेल. आधी खारूला घेऊन तिथे पोचायचं आणि मग नवऱ्याला कळवायचं, असं तिने ठरवलं होतं. आधी कळलं तर काय होईल, ते त्यानेच एकदा जेवताना हसत हसत सांगून ठेवलं होतं. "तू जा ना, कुठे जायचं तिथे. पोर कुठे जात नाही. ती माझ्या आईकडे राहील."

अर्जाला आता फक्त अनुभवाचा दाखला हवा होता, तोही शुक्रवारपर्यंत.

दाखला म्हणजे कामाचीच गोष्ट, असं स्वतःला चारदा समजावून तिने करड्या बाजूने साहेबांना लिहिलं.

'कोणाच्या नावे?' त्यांनी विचारलं.

'कोणाचंही नाव नको. नुसता चालेल.'

'तसा देता येत नाही. संस्थेचं नाव लागेल.'

शेवटी तिने वसतिगृहाचं नाव लिहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच इकडचा एक शब्द तिकडे गेला.

'गुरुवारी घरपोच मिळेल,' साहेबांनी लिहिलं. 'शुभेच्छा.'

गुरुवारी बालवाडीतून खारूला नवराच घेऊन आला. दोघांना यायला नेहमीपेक्षा तासभर उशीर झाला.

"कुठे होतात?"

"जरा माझ्या कामावर नेलं हिला. बाप काय करतो ते पोरीला कळायला नको?" त्याने एक पाकीट तिच्यासमोर धरलं. "हे घे, खाली पेटीत होतं. तुझ्या ऑफिसचं दिसतंय. मी नाही हो उघडलं. ऑफिसचं ऑफिसात!"

तिने ते न बघितल्यासारखं फळीवर ठेवलं आणि आधी खारूचे हात धुवायला घेतले. अंगठा जांभळा झाला होता. साबणाने दोनदा घासूनही रंग जाईना.

"कशात घातलेस गं हात?"

"शाईत."

"तिचं काय घेऊन बसलीस," तो स्वयंपाकघरातून म्हणाला. "जिथे हात घालील तिथे रंग. बरं, आई बोलावतेय तिला. उद्या सकाळी सोडून येतो. राहील थोडे दिवस."

"उद्याच?"

"बॅग भरून ठेव तिची. गरम कपडेही घाल."

तिने हिशोब केला. थोडे दिवस म्हणजे चार. उत्तर यायला आठ तरी लागतील. तोवर पोर परत येईल. खारूला कडेवर घेऊन तिने पाकीट फोडलं. दाखला अगदी हवा तसा होता. वसतिगृहाचं नाव बरोबर, तीन वर्षं बरोबर, खाली साहेबांची ठसठशीत सही. शिक्का तेवढा तिरपा बसला होता आणि कडेला फिसकटला होता. चालेल, तिने मनाशी म्हटलं. शिक्क्याकडे कोण बघतंय?

खारूने कडेवरूनच वाकून आपला जांभळा अंगठा कागदावर टेकवला.

"आई, हा शिक्का मी मारला. बाबा म्हणाले, जोरात दाब."