बोटांचं माप

"आई, डोळे मिट आणि खाली बघ," लेक म्हणाली. साबणाने धुतलेली दोन बोटं तिने आईच्या पापणीवर अलगद टेकवली, दाबून पाहिलं. मग पुन्हा हात धुऊन स्वतःच्या पापणीवर. "माझ्या डोळ्याइतकाच लागतोय," ती म्हणाली, आणि रोजच्यासारखा तिचा जीव भांड्यात पडला.

आईला काचबिंदू. तिच्या आईकडून आलेला. डोळ्यातला दाब वाढला की नजर जाते आणि गेलेली काही केल्या परत येत नाही. एरवी दवाखान्यात यंत्राने डोळ्यावर फुंकर मारून दाब मोजायचे. साथ आली आणि ते यंत्र बाजूला पडलं. फुंकरीने डोळ्यातलं पाणी उडतं, त्याबरोबर साथीचा रोगही पसरायचा. मग दवाखानाच बंद झाला. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "थेंब चालू ठेवा. रोज बोटांनी चाचपा. तुमच्या डोळ्यापेक्षा कडक लागला, तर कुठल्याही परिस्थितीत मला कळवा." घरात मायलेकी दोघीच. दुसरं करणार तरी काय?

लेक अगदी डोळ्यांत तेल घालून बघायची. तरी आई ताटाशेजारचं भांडं लवंडू लागली, येताजाता दाराच्या चौकटीवर आपटू लागली. चौकट तशी लेकीलाही लागायची. घरच मेलं अरुंद. "तुझी बोटं ठीक म्हणतात ना, मग हे म्हातारपण," आई हसून म्हणायची. लेक मोरीत जाऊन रडायची. फोनवर बाई विचारायच्या, कडक लागतोय का? ती खरं तेच सांगायची, नाही.

अखेर दवाखाना उघडला. बाईंच्या हातात आता एक छोटं यंत्र होतं, त्याला दर माणसामागे नवं टोक. त्यांनी आईचा दाब मोजला. परत मोजला.

"दुप्पट आहे," त्या हळूच म्हणाल्या. "आणि आजकालचा नाही. कडेची नजर बरीच गेलीय."

लेक पुढे झाली. "पण मी एक दिवस चुकवला नाही हो. शपथेवर सांगते, रोज माझ्या डोळ्याइतकाच लागायचा."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी आईला हात धरून उठवलं, यंत्राचं टोक काढून टाकलं, नवं बसवलं आणि म्हणाल्या, "आता तुम्ही बसा."