उसना आवाज

नव्या लिफ्टला मजले सांगणारा आवाज कुणाचा द्यायचा यावर अर्धा तास खल झाला, तेव्हा ड्रायव्हरनं सरळ स्टोअरकीपरकडे बोट दाखवलं.

"साहेब, यांच्या गळ्यात अख्खं ऑफिस आहे. परवा स्टोअरमधून तुमची हाक आली म्हणून धावत गेलो, तर आत हे एकटेच! तुमच्यासारखेच खाकरत बसलेले."

सगळे खो खो हसले. स्टोअरकीपरनं मात्र चटकन दाराकडे पाहिलं. दारापाशी मावशी चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

ऑफिसचं रूप आपणच पालटायचं, बाहेरचा माणूस नको, ही साहेबांची टूम. "ज्याच्या अंगात जे असेल ते बाहेर काढा," असं त्यांनी फर्मान सोडलं, आणि एकेकाच्या अंगातून भलतंच काही निघू लागलं. टायपिस्ट बाईंनी रंधा हातात घेतला, तर लाकडाच्या रिबिनी सुटायला लागल्या. ड्रायव्हरनं जिन्याची पोपडे सुटलेली भिंत अशी लिंपली की हात फिरवत राहावं. राहिला होता तो स्टोअरकीपर.

"भाऊ, लिफ्टचा आवाज तुमचाच," साहेब म्हणाले.

त्याला नाही म्हणता आलं नाही.

मावशींचा मुलगा पूर्वी त्याच्याच हाताखाली होता. दोन वर्षं स्टोअरमध्ये काढून तो लांबच्या शहरात बांधकामावर गेला, आणि सहा महिन्यांत परांचीवरून पडून दगावला. निरोप स्टोअरच्या फोनवर आला. मावशींचं त्याच आठवड्यात हृदयाचं ऑपरेशन झालेलं. धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, डॉक्टरांनी बजावलं होतं. स्टोअरकीपर कुणाला न सांगता एकटाच गेला, ओळख पटवली, सगळं उरकलं आणि तिसऱ्या दिवशी कामावर हजर झाला.

त्या गुरुवारी साडेपाचला त्यानं वॉर्डात फोन लावला. "आई, मी बोलतोय. रजा नाही गं मिळत." आवाज हुबेहूब आला. पलीकडून मावशी रडल्या, मग हसल्या.

त्या बऱ्या होईपर्यंतच, असं त्यानं ठरवलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता दोन वर्षं गेली. त्याचा एकही गुरुवार चुकला नाही; साडेपाचला स्टोअरचं दार लावायचं आणि मावशींच्या घरी फोन लावायचा.

कामाच्या दुसऱ्या आठवड्यात भिंती फोडायला घेतल्या, आणि ऑफिसच्या सगळ्या फोनच्या तारा काढल्या. रस्त्यावर बूथ होता. पण मागे रांग उभी असताना दुसऱ्याच्या गळ्यानं 'आई' म्हणायचा धीर त्याला झाला नाही. एक गुरुवार गेला, दुसरा गेला, तिसराही गेला.

मावशी विचारतील, रडतील, म्हणून तो त्यांना टाळू लागला. पण मावशी तर खुशीत. चुन्यानं माखलेल्या फरशा पुसताना गुणगुणायच्यासुद्धा. अखेर त्याला राहवलं नाही.

"मावशी, मुलाचा फोन?"

"येतो की. गुरुवारचा कधी चुकतो का तो? हल्ली जरा हळू बोलतो, लांबून आल्यासारखा. पण बोलतो पुष्कळ. पूर्वी आपलं 'बघतो गं, बघतो गं' एवढंच."

त्यानं स्टोअरमध्ये जाऊन मुका फोन उचलून पाहिला. मग त्यानं स्वतःलाच समजावलं. म्हातारी चारचौघांत लाज राखतेय. नाहीतर वाट पाहून पाहून तिला भास होत असतील. दोन्हीचं पाप आपल्याच माथी. त्यानं मनाशी पक्कं केलं, काम संपलं की सगळं सांगून टाकायचं.

शुक्रवारी लिफ्ट सुरू झाली. "पहिला मजला," त्याचाच साधा आवाज आतून आला, टाळ्या पडल्या, आणि सगळे दाटीवाटीनं वर गेले. खाली तो आणि मावशी उरले. ताज्या रंगाच्या वासानं त्याचं डोकं गरगरत होतं.

"मावशी, बसा जरा. तुम्हाला एक सांगायचंय. त्या फोनबद्दल."

"ठाऊक आहे मला." मावशींनी त्याच्या हातावर हात ठेवला. "त्यानंच सांगितलं."

"कुणी?"

"कुणी म्हणजे? काल तुमची फार आठवण काढत होता. म्हणाला, भाऊ आले होते गं, त्या गार खोलीत. माझ्या तोंडावरची चादर त्यांनीच बाजूला केली, कपाळावरून हात फिरवला, पण मला काही केल्या बोलता येईना. आता जमायला लागलंय. तेव्हा भाऊंना म्हणावं, माझ्यासाठी उगाच घसा ताणू नका."