दूध फाटेना

कॉलेजचा फ्रीजर बिघडला, म्हणून विशाखाने रानअंजिराच्या चिकाचं गाळलेलं पाणी बाटलीत भरून लालबागला घरी आणलं आणि आईच्या हातात दिलं. "जिवापाड जप. हे नासलं तर माझी पीएचडी बुडाली." गावातलं ते एकुलतं झाड वादळात मोडून पडलं होतं. दुसरा चीक मिळायचा नव्हता.

त्यानंतर ती रोज सकाळी त्यातलं थोडं परळला कॉलेजात न्यायची. चिकातलं दूध फाडणारं एन्झाइम उष्णतेने मरतं, म्हणून एवढ्याशा वाटेलाही बर्फात घालून न्यायची. तिथे ते शुद्ध करायचं, थेंबभर दुधात टाकायचं आणि दूध फाटायची वाट बघत बसायचं. दूध फाटलं तर एन्झाइम जिवंत. पण दूध काही केल्या फाटेना. तिने क्षार बदलले, काचेची भांडी पुन्हा पुन्हा धुतली. शेवटी सर म्हणाले, "आता विषय बदला."

संध्याकाळी ती घरी आली ती चपलाही न काढता उंबऱ्यातच बसली आणि रडायला लागली. "आई, ते नासलंच असणार गं."

आईला ते लागलं. तिने फ्रीजमधून बाटली काढली, पदराने पुसली आणि लेकीपुढे धरली.

"नासेल कसं? आपल्या फ्रीजचा काय भरवसा. म्हणून पहिल्या रात्रीपासून दुधाच्या जोडीने यालाही रोज एक उकळी आणून ठेवतेय मी."