डोणीची तार

बहात्तरच्या दुष्काळात वळसंगच्या सिद्धाप्पाच्या मेंढ्या मानसिंगच्या मळ्यातल्या, गुरांना पाणी पाजायच्या लोखंडी डोणीवर चोरून पाणी प्यायच्या. मानसिंगनं डोणीला जनरेटरची तार बांधली, पण झटका बसेना. त्यानं वायरमन कुंडलिकला बोलावलं. "मालक, जनरेटरची दुसरी तार, न्यूट्रल, जमिनीला जोडल्याशिवाय झटका बसायचा न्हाय," कुंडलिक बोलून गेला. "मग जोड की." काम जाईल म्हणून कुंडलिकनं जमिनीत सळई ठोकून न्यूट्रल जोडला. दुपारी डोणीला तोंड लावताच मेंढ्या ओरडत उधळल्या. दोन तिथंच मेल्या. गावची विहीर आटल्यावर सिद्धाप्पानं मानसिंगचे पाय धरले. मानसिंग हसला. "सोड ती तार, कुंडलिक. पिऊ दे की डोणीतून. पण बादलीनं पाणी काढून द्यायचं न्हाय." कुंडलिकनं तार सोडली. तहानेनं जिभा बाहेर आलेल्या मेंढ्या डोणीपुढं पाय रोवून उभ्या राहिल्या. कुंडलिकनं डोणीवर हात ठेवला, ओंजळीनं पाणी पिऊन दाखवलं. एकेक मेंढी मागं सरकत गेली.