डावीकडचा पाइप

शिवणे गावाच्या वळणावर पंक्चरच्या दुकानापाशी बाबुरावांनी मुलीच्या खांद्यावर थाप मारली, तशी निकिताने स्कूटर थांबवली.

“पप्पा, आज तरी गेटपर्यंत चला. ऊन बघा किती आहे.”

“नको. तिथं तू मॅडम आणि मी कामगार. पाणी नापास केलंस तर लोक मला धरतील, पास केलंस तर तुला.”

एवढं बोलून ते चालू लागले.

बाबुराव ज्या कारखान्यात होते तिथे लोखंडी सुट्या भागांवर जस्ताचा मुलामा चढवत. सांडपाणी शुद्ध करणारी तिथली टाकी तडकली होती. नवी बांधून होईपर्यंत एक तर काम बंद ठेवायचं, नाहीतर पाणी शुद्ध करणारं फिरतं यंत्र भाड्याने आणायचं. ट्रेलरवर बसवलेलं यंत्र आलं आणि ते चालवायला, शुद्ध झालेलं पाणी तपासून पास-नापास करायला केमिकल इंजिनिअर म्हणून आली ती निकिता. तिच्या कंपनीत नेमकी तिचीच पाळी होती. बाबुरावांनी घरीच बजावलं, ओळख दाखवायची नाही. नऊ दिवस त्यांचं नातं कुणाला कळलंही नव्हतं.

बाबुराव मात्र काम करता करता तिच्याकडे चोरून बघत. पिवळं हेल्मेट, तोंडाला मास्क, गुडघ्यापर्यंत गमबूट. ती ट्रेलरच्या शिडीवरून भराभर उतरायला लागली की त्यांचा हात आपोआप पुढे व्हायचा. मग ते त्याच हाताने घाम पुसल्यासारखं करायचे.

मागच्या शेडचं पाणी त्या दिवसापासून ट्रेलरवर घ्यायचं होतं. ते दोन प्रकारचं होतं, एक ॲसिडचं आणि एक सायनाइडचं. दोन्हींच्या टाक्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. हे दोन्ही प्रकारचं पाणी एकत्र आलं तर जो वायू निघतो, त्यात माणूस दोन-चार श्वासांत आडवा होतो. शेडच्या भिंतीतून दोन पाइप बाहेर आले होते. निकिताच्या हातातल्या नकाशावर डावीकडचा पाइप ॲसिडचा होता. ट्रेलरवरची ॲसिडची टाकी आधीच अर्धी भरलेली होती. तिने नळी लावून डावीकडचा पाइप त्या टाकीला जोडला.

बाबुराव वीस पावलांवर माल धूत होते. त्यांनी नळी कुठून कुठे गेली ते पाहिलं आणि त्यांच्या हातातली मालाची जाळी सुटली. चार वर्षांपूर्वी शेडची दुरुस्ती झाली तेव्हा त्या दोन पाइपांची अदलाबदल झाली होती. कागदावर ती कुणी उतरवलीच नव्हती.

निकिताचा हात व्हॉल्व्हवर होता.

“मॅडम,” ते ओरडले. पंप घरघरत होता.

“मॅडम, थांबा.”

तिने मागे पाहिलं नाही.

“निकू! हात काढ!”

चटका बसावा तसा तिने हात मागे घेतला.

बाबुराव धापा टाकत तिच्यापाशी पोचले. “डावीकडं सायनाइड आहे. कागद चुकलाय.”

निकिताने वाद घातला नाही. पाइपाला नमुना घेण्यापुरती बारीक तोटी होती. तिने थोडं पाणी बाटलीत घेतलं आणि त्यात कागदाची पट्टी बुडवली. ॲसिड असतं तर पट्टी लाल झाली असती. ती गडद निळी झाली. बाप-लेक दोघंही त्या पट्टीकडे बघत राहिले.

तोवर माणसं जमली होती. मॅनेजर आमोद साहेबही आले. “बाबुराव, मॅडमना निकू म्हणायची पद्धत आहे का?”

निकिताने मास्क खाली ओढला.

“घरी आहे, सर. हे माझे वडील.”

मग बाबुरावांच्या शेजारी गेली वीस वर्षं माल धुणारा कोंडीराम म्हणाला, “तरीच. नऊ दिवस दोघांच्या डब्यात भाजी एकच. मला वाटलं, हा मॅडमच्या डब्यातलं चोरतोय.”

दोघं-तिघं हसले. आमोद साहेबांचं लक्ष मात्र निकिताच्या हातातल्या निळ्या पट्टीकडे गेलं, तिथून नळीकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी आधी पंप बंद करायला लावला.

“बाबुरावांनी दाखवल्याशिवाय आता एकही नळी जोडायची नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “आणि मॅडम, नकाशा आत्ता दुरुस्त करा. मी सही करतो.”

माणसं पांगली. निकिताने हातमोजे काढले, ट्रेलरच्या पायरीवर नकाशा पसरला आणि पेन उघडलं. बाबुराव सांगत गेले, ती खुणा करत गेली. एक रेघ नीट आली. दुसरी काढताना पेन जागच्या जागी थांबलं.

“पप्पा, मी व्हॉल्व्ह फिरवला असता.”

“नाही फिरवलास.”

“पण फिरवला असता ना.”

बाबुरावांनी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे ओढून काढले आणि पलीकडच्या नळाखाली हात दोन-तीनदा साबणाने धुतले. सकाळपासून मोज्यात राहून बोटं पांढरी पडली होती, सुरकुतली होती. ते परत येऊन तिच्या शेजारी पायरीवर बसले. तिच्या पेन धरलेल्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला आणि तो पुढे सरकवला.

रेघ वाकडीच आली. पण ती डावीकडच्या पाइपापासून निघाली आणि बरोबर सायनाइडच्या टाकीपाशी जाऊन थांबली.