कढी वाढ

"मृदुला, कढी वाढ," मनोरमाबाईंनी पानावरूनच सुनेला हुकूम सोडला.

आतून कढी आली नाही. त्यांचे नागपूरचे दीर नीळकंठराव आणि जाऊ नलिनी सकाळीच भोपाळच्या हबीबगंज स्टेशनवर उतरून, नव्या सुनेच्या हातचे जेवायला कारखान्याच्या वसाहतीतल्या या क्वार्टरमध्ये आले होते. त्यांच्या पानातला भात निवत चालला होता.

"अगं, वाढ म्हणते ना."

स्वयंपाकघरात गॅसचा आवाज तेवढा मोठा झाला. सून विदिशेची, तेव्हा कढीही तिकडूनच निघाली असेल, गाडी येईपर्यंत धीर धरावा, असे नीळकंठराव हसत म्हणाले. मनोरमाबाई तिसऱ्यांदा ओरडल्या आणि मग उठल्याच.

आत पाय टाकताच वाफ तोंडावर आली. बर्नर पूर्ण उघडा होता, ज्योत पातेल्याच्या काठापर्यंत चढली होती आणि कढी फुटून खदखदत होती. पाणी वेगळे, चोथा वेगळा. घामाने निथळत मृदुला डाव फिरवीत उभी होती.

"कढीला उकळी येऊ द्यायची नसते, एवढेही शिकवले नाही तुझ्या आईने?"



मृदुलाने मान खाली घातली. "आपने कहा, बढ़ा. मैंने बढ़ा दिया. फिर कहा, तो और बढ़ा दिया."

मनोरमाबाईंना क्षणभराने उमगले. त्या पानात वाढायला सांगत होत्या आणि ही पोर प्रत्येक हाकेला आच वाढवीत होती. तिच्या माहेरी कढी तासभर उकळत असे. तिला त्यात वावगे काही वाटलेच नव्हते.

"मग विचारायचे होतेस," त्या म्हणाल्या. आवाज निम्म्यावर आला होता.

"कैसे पूछती, आई? हिंदी में पूछना पड़ता. आपने कहा है ना, रसोई में हिंदी नहीं."

मनोरमाबाईंनी बर्नर बंद केला. सुनेच्या आईचा त्यांनी केलेला उद्धार बाहेर सर्वांनी ऐकला होता. भोपाळात त्यांचा सारा संसार झाला. भाजीवाल्याला दटावण्यापुरती, मोलकरणीला कामे सांगण्यापुरती हिंदी त्यांच्याजवळ होती. आता जे बोलायला हवे होते, ते त्यांनी त्या भाषेत कधी कोणाला म्हटले नव्हते. मराठीतही फारसे नाहीच.

पदराचे टोक त्यांनी मृदुलाच्या कपाळाकडे नेले. हात मध्येच थांबला.

"गरमी," त्या चाचपडत म्हणाल्या, "बहुत है इधर."