नंतर कुणाला?

कॉम्प्युटर शिकलेल्या धाकट्याने आईच्या घराचं झाड स्क्रीनवर उभं केलं. वर घर, त्याखाली खोल्या, खोल्यांत कपाटं, कपाटांत भांडी नि दागिने. आज त्याने प्रत्येक वस्तूला नवा रकाना जोडला, 'नंतर कुणाला?' आई शेजारी धडधाकट बसलेली, पण लेकाच्या हुशारीला दम कुठला. निवडायला नावं दोनच, तो आणि थोरला. दुखण्यात आईच्या उशाशी बसणारी ताई त्यात नव्हतीच.

"एकेका चमच्यापुढे नाव लिहीत बसणार होय रे, शहाण्या?"

"छे गं. वर लिहिलं की खाली सगळ्याला आपोआप लागतं."

"आणि नवं नाव घालता येतं?"

"येतं की. बोल."


"मग सगळ्यात वर, घरापुढे, ताई लिही."